माहूरच्या कड्यावर मायची मूठ

माहूरला जायचं ठरलं तेव्हाच मी मनातल्या मनात तो घाट चढून उतरलो होतो, आणि दोन्ही वेळा गाडी दरीत घातली होती. मला उंचीची भीती वाटते. अहमदपुरात आमच्या घराला गच्ची आहे आणि तिथले वाळलेले कपडे बायकोच काढते, एवढं सांगितलं तरी पुरे. पण रेणुकामाता तिच्या माहेरची कुलदेवी. पोराला नोकरी लागली की ओटी भरीन, असं ती बोलून बसलेली, आणि पोराला नोकरी लागली. मग मायही निघाली. आम्ही लिंगायत, महादेवाची माणसं. माय म्हणाली, "देवी काय परकी हाय का? महादेवाच्याच घरची की."

आदल्या दिवशी जाऊन पायथ्याशी मुक्काम केला. सकाळी मायनं आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, पूजा केली आणि पुन्हा चांदीच्या डबीत घालून गळ्यात अडकवलं. लहानपणी गुरूनं दिलेलं ते लिंग आंघोळीतसुद्धा तिच्या अंगावेगळं होत नसे. मग तिनं मधुमेहाची गोळी घेतली. गोळीनंतर लगेच खायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण माय म्हणाली, "देवीचं तोंड बघूनच खाईन." मी म्हटलं, बरं. मायला मी आयुष्यात दुसरं काही म्हटलेलं नाही.

पावसाळा सरत आला होता. सगळा डोंगर हिरवागार, मधेमधे ढग उतरलेले, पलीकडच्या शिखरावर दत्ताचं देऊळ दिसे आणि नाहीसं होई. हे बायकोनं सांगितलं. मी फक्त पायऱ्या पाहत होतो.

दर्शन झालं, ओटी भरली, आम्ही उतरायला लागलो. मायच्या पदरात प्रसादाचं खोबरं होतं, खाली टेकल्यावर खायचं म्हणून बांधलेलं. कठड्यावरचं माकड उतरलं आणि त्यानं सरळ पदराला हात घातला. मायनं पदर आवळला, माकडाच्या हातात गळ्यातला दोरा आला. हिसका बसला, दोरा तुटला. डबी घेऊन ते दरीवर वाकलेल्या झाडावर जाऊन बसलं, दातानं चावून पाहिलं, आणि खायची वस्तू नाही म्हटल्यावर सोडून दिलं. खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

माय पायरीवर बसली. गळ्याला हात लावून बघत राहिली.

मी खिशातून खडीसाखरेचा पुडा काढला. "माय, आधी हे तोंडात टाक."

"न्हाई."

"अगं, गोळी घेतलीस ना तू."

"लिंग अंगावर न्हाई तर पाण्याचा घोट न्हाई. तुला ठाऊक न्हाई का? तुजं तर खुंटीला लटकून राहिलंय, तुला काय ठाऊक असणार."

ठाऊक होतं. आमच्यात इष्टलिंग हरवलं तर गुरू दुसरं बांधेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. नव्या पिढीत कोणी पाळत नाही, पण माय पाळते. आणि गुरू होते अहमदपुरात, आमचे स्वामी, गाडीनं अर्ध्या दिवसावर.

मायच्या वरच्या ओठावर घाम आला. मग कपाळावर. बायकोनं तिचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मायची साखर उतरत होती.

"अहो, जबरदस्तीनं घालू का तोंडात?"

"चावेल ती."

"चावू द्या."

मायनं दात आवळून घेतले होते. मला वाटलं, खालचा एखादा काळा दगड फडक्यात गुंडाळून द्यावा. पण सगळं आयुष्य ज्या दगडाला तिनं तळहातावर धरलं, त्याच्या जागी दुसरा आलेला तिला ओळखू येणार नाही का? मी स्वामींना फोन लावला. रेंज नव्हती. फोन वर धरून मी पायऱ्यांवर इकडून तिकडे फिरलो. रेंज मिळाली ती कठडा संपतो त्या कोपऱ्यावर. तिथून खाली सगळा ढगच होता.

स्वामींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आईंना फोन द्या. मी सांगतो."

पण फोन तिथून हलवला की आवाज तुटे. मग मायलाच तिथं न्यायचं ठरलं. एका बाजूनं बायकोनं, एका बाजूनं मी धरलं. मायचे पाय टेकत नव्हते, माझे टेकत होते पण माझं ऐकत नव्हते. कोपऱ्यावर मी तिच्या कमरेला विळखा घातला, डोळे मिटले आणि फोन तिच्या कानाशी नेला. कोण कोणाला धरून उभं होतं, कोणास ठाऊक.

"आई, विभूती आहे का जवळ?" फोनमधून आवाज आला.

"हाय," माय अडखळत म्हणाली. "पर तुमी खरंच स्वामी हाव का? का माज्या लेकानं कुणाला बसवलंय?"

"तुमच्या नातवाचं नाव मीच ठेवलं. बारशाला तुम्ही माझ्यावर रागावलात, पुरणात गूळ कमी आहे म्हणालो म्हणून."

"तुमीच हाव," माय म्हणाली.

"डाव्या तळहातावर विभूती घ्या. मूठ मिटा. तुम्ही येईपर्यंत तेच तुमचं लिंग. मी गुरू सांगतो. आता खा."

मायच्या कनवटीची विभूती बायकोनं तिच्या तळहातावर ठेवली. मायनं मूठ मिटली, आणि मग तोंड उघडलं. खडीसाखर दाढेखाली फुटल्याचा आवाज ऐकून मी डोळे उघडले. समोर दरी होती. मी पुन्हा मिटले.

खाली गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, समोर बसवून खिचडी खाऊ घातली आणि मला चार गोष्टी ऐकवल्या. मग आम्ही निघालो. नांदेड मागं पडलं, लोहा मागं पडलं. आरशातून मी रस्त्यापेक्षा मायची मूठ जास्त पाहत होतो. तिचा डोळा लागला की माझा जीव जाई. मूठ घट्ट दिसली की मी पुढचा गिअर टाकी. वाटेत बायको तिच्या उजव्या हातावर बिस्किटं ठेवत होती. डावी मूठ तिनं एकदाही सोडली नाही.

अहमदपुरात स्वामी आमच्याच दारात वाट पाहत होते. त्यांनी म्हटल्यावर मायनं मूठ उघडली. घामानं विभूती कधीच पुसली गेली होती, तळहातावरच्या रेघांत तेवढी राखाडी उरली होती. स्वामींनी त्याच तळहातावर नवं इष्टलिंग ठेवलं, मंत्र म्हटले, गळ्यात बांधलं. मायनं दोऱ्याला दोनदा हिसका देऊन पाहिला.

"पक्कं हाय," ती म्हणाली. "आता वाढा म्हणावं. लई भूक लागून राहिली."

बायको आत पळाली. मी तिथंच जमिनीवर, पार तळमजल्यावर, बसून घेतलं.