कुर्त्याच्या आत स्विमसूट

सेंट लुशियाला आम्ही तिघंच गेलो होतो, आई, बाबा आणि मी. फिरायला निघायच्या सकाळी मी बाथरूमची कडी लावून कुर्त्याच्या आत स्विमसूट घातला आणि कोणाला काही बोलले नाही. मला त्या बेटावर धबधब्याखाली उभं राहायचं होतं, बाकी काही बघितलं नसतं तरी चाललं असतं. पण घराजवळच्या, हाउन्सलोच्या शाळेतले पोहण्याचे तास संपल्यापासून बाबांसमोर मी कधी स्विमसूटमध्ये आले नव्हते. पंचविशीत ते कसं विचारायचं, सुचत नव्हतं.

बाबांनी दिवसभराची टॅक्सी केली होती. इतकी वर्षं ब्रिटिश हॉस्पिटलात काढली, तरी त्यांची फिरायची पद्धत महाबळेश्वरचीच. पॉइंटला उतरायचं, फोटो काढायचा, पुढचा पॉइंट. समुद्रातून सरळ वर आलेले दोन टोकदार डोंगर गाडीचं इंजिन बंद न करताच उरकले. गंधकाच्या गरम झऱ्यांपाशी लोक अंगाला राखाडी चिखल फासून हसत बसले होते. "वज्रेश्वरीला असंच आहे," बाबा म्हणाले, "चला."

घामाने स्विमसूट पाठीला चिकटला होता. गाडीत मी सारखी सरकत होते.

"मुंग्या चावतायत का गं?" आईने विचारलं.

"नाही."

धबधबा शेवटचा होता. ड्रायव्हरने विचारलं, पाण्यात उतरणार का? बाबा म्हणाले, "नो नो, जस्ट फोटो." मीही मान डोलावली. ते मला छान जमतं.

फोटो झाला, बाबा वळले. आई मात्र दगडावर बसली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले.

"अहो, तुम्ही व्हा पुढे. माझे पाय दुखतायत."

"सकाळपासून गाडीतच तर बसलीयेस."

"म्हणूनच."

बाबा पुटपुटत गाडीकडे गेले. आईने माझ्याकडे न बघता ओढणी काढून दगडावर ठेवली.

"ही घे पुसायला. नाश्त्यापासून मानेवर पट्टा दिसतोय तुझा."

मी कपडे तिच्याजवळ टाकले आणि आत शिरले. पाणी एवढं गार की श्वासच अडकला. डोक्यावर धबधबा आपटत होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने वाटेवर बाबा दिसले, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून उभे. मला ते दिसले, हे त्यांनाही दिसलं.

मी पुन्हा धारेखाली गेले.