उसाची सवय

माझं तोंड म्हणजे ना, डोक्याच्या दोन पावलं पुढे धावतं. त्या शनिवारी दुपारी त्याच तोंडाने माझ्या लेकीची मैत्रीण कायमची घालवली असती.

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरात, किचनच्या टेबलावर दोघी हिस्टरीचं प्रेझेंटेशन करत होत्या. मैत्रीण काळी, आफ्रिकन-अमेरिकन, सहावीपासूनची, लेकीची एकुलती एक जिवाभावाची. विषय होता, युरोपियनांनी अमेरिका-कॅरिबियनमधल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतूनच माणसं गुलाम करून का आणली. ऊस म्हटल्यावर मी गप्प बसतेय कुठली! कोल्हापूरकडची मी, उसातच वाढलेली. कांदा चिरता चिरता म्हटलं, "अगं, सोपं आहे. काटक लोक. उन्हाची, कष्टाची सवय असते त्यांना."

टायपिंग थांबलं.

"आई, स्टॉप!" लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

मैत्रिणीने स्वतःच्या आईला न्यायला ये म्हणून मेसेज केला, लॅपटॉप मिटला. आवाज न चढवता म्हणाली, "आंटी, सवय कुणालाच नव्हती. तिथले मूळचे लोक रोगांनी आणि कामाने मेले. युरोपातून करारावर आणलेले मजूर मुदत संपली की सुटायचे, पळाले तर गोऱ्यांतच मिसळून जायचे. आमच्या लोकांना समुद्रापार आणल्यावर ते पळून जाणार कुठे? त्यांची मुलंही जन्मतःच गुलाम. काटक वगैरे नंतर म्हणायला लागले, स्वतःला बरं वाटावं म्हणून."

लाजेने माझी कानशिलं तापली. आणि खरं सांगते, रागही आला. माझ्याच घरात येऊन मला शिकवते! पण मघाचं ते वाक्य मुळात माझं नव्हतंच. माझ्या बाबांचं होतं.

"थांब जरा," मी म्हटलं. "आमच्याकडे ऊस तोडायला बीडकडून टोळी यायची. गुलाम नव्हते ते, मजुरीला यायचे. त्यातली एक बाई रोज सकाळी दाराशी यायची, गरम पाणी मागायला. बोटं कोयत्याच्या मुठीवर वळलेली, सरळच होईनात. बाबा म्हणायचे, होते सवय. मीही मान डोलवायचे. चौथा सीझन होता गं तिचा, कुठे झाली होती सवय! चुकलं माझं. तेव्हाही, आणि मघाशीही."

बाहेर हॉर्न वाजला. मैत्रीण दाराशी गेली, एका पायात बूट घातला. लेक टेबलाशी डोळे पुसत बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती. मला वाटलं, संपलं सगळं.

मैत्रिणीने दार उघडून आईला दहा मिनिटं थांबायची खूण केली. बूट काढला. परत येऊन लॅपटॉप उघडला.

"हे शेवटच्या स्लाइडवर घेऊ," ती म्हणाली. "त्या बाईचं नाव काय होतं?"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. चार सीझन ती आमच्या दाराशी आली होती, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.