सहाव्या दिवसाचा आंबा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक फळसंशोधक राहतो. झाडावरून उतरवलेल्या फळात रोज कोणती साखर वाढते आणि कोणतं आम्ल घटतं, हे तो अंधेरीच्या प्रयोगशाळेत यंत्रावर मोजतो. साधं केळं सोलायचं तरी आधी चष्मा पुसतो. आंबा गोड आहे, असं कुणी म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. "गोड हे तुझं मत झालं रे," तो म्हणतो.

यंदा आमच्या घरी गावाहून डझनभर हापूसची पेटी आली. कधी खायचे ते आई वासावरून ठरवते, हे कळल्यावर त्याने पेटीच मागून नेली. "काकू, नेमका दिवस काढून देतो."

रोज दोन आंबे अंधेरीला जाऊ लागले. सहाव्या संध्याकाळी तो पेटी आणि अहवाल घेऊन आला. "काकू, आंबा आज खायला अगदी योग्य आहे."

आईने पेटी उघडली. आत नुसतं गवत होतं.

"यंत्रात घालायला गर वाटावाच लागतो ना," तो शांतपणे म्हणाला.

आई गवताकडे बघत राहिली. "गोड तरी होते काय रे?"

"एकही चाखला नाही, काकू," तो अभिमानाने म्हणाला.