बेचाळीस फुलांचं दुपटं

नकुशीला कुणी नाव विचारलं की ती नुसतं नाव सांगून थांबत नसे. "नकुशी. म्हंजी नको असलेली. अजून काय विचारायचंय?" असं ती तोंडावर म्हणे आणि विचारणाराच खाली बघे. दौंडला लग्न होऊन आल्याला तिला वीस वर्षं झाली होती. रेल्वेच्या वसाहतीजवळ तिचं पिको-फॉलचं दुकान होतं आणि त्या गल्लीत तिच्याशी वाकड्यात शिरायची कुणाची छाती नव्हती. नवरा रेल्वेत पॉइंट्समन, अबोल माणूस. तो म्हणायचा, हिच्या पुढ्यात उभं राहण्यापेक्षा मालगाडीच्या पुढं उभं राहिलेलं बरं.

तिचं माहेर शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. भिमा आणि बयाबाईला ओळीनं पाच मुली झाल्या. पाचवीचं नाव नकुशी ठेवलं आणि दोन वर्षांनी शंभू जन्मला. नाव लागू पडलं म्हणून भिमानं तेव्हा गावभर साखर वाटली. तिसरीत असताना शाळेत नव्या बाई आल्या, त्यांना नकुशीनं आपलं नाव उषा म्हणून सांगितलं. आठवडाभर ती उषा होती. मग बाईंनी हजेरीपट नीट वाचला, अख्खा वर्ग हसला आणि घरी कळल्यावर बयाबाईनं तिला चुलीजवळच्या फुंकणीनं बदडली.

भिमानं मेंढरं विकून साडेतीन एकर रान केलं होतं. तो गेला आणि वर्षभरात शंभूनं पाचही बहिणींना शिरूरला बोलावलं. हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या होत्या. चौघींनी केल्या. नव्या साड्या मिळाल्या त्या पिशवीत घातल्या आणि चहा प्यायल्या. नकुशीनं कागद वाचायला मागितला.

"वाचतीस काय? भावावर भरवसा न्हाई का?" शंभू म्हणाला.

"हाय की. म्हणून तर वाचते. माझं नाव तू व्हावास म्हणून ठिवलं. आता माझं रानबी तुलाच? मी न्हाई करत सही."

कचेरीच्या आवारात, वकिलाच्या टेबलासमोर, बयाबाईनं बोटं मोडली. "नाव ठिवलं तशीच निघालीस गं," ती म्हणाली. शंभूनं साडीची पिशवी नकुशीच्या हातातून ओढून घेतली. त्या दिवसापासून माहेरचं दार बंद झालं. सहा वर्षं झाली. दिवाळीला फोन नाही, भाऊबीजेला ओवाळणं नाही. नकुशीनंही पाऊल टाकलं नाही. एक मुलगी होती, ती बारामतीला नर्सिंगला गेली. दुकान चालत होतं. माहेरची आठवण आलीच तर ती मशीनचं चाक जोरात फिरवायची.

या वर्षी शंभूच्या बायकोला, सुषमाला, तिसरी मुलगी झाली. थोरल्या बहिणीनं फोन करून सांगितलं आणि आवाज बारीक करून पुढं म्हणाली, "बारसं करायचं न्हाई म्हणतात. आय म्हणती, हिचंबी नाव नकुशीच ठिवा. एकदा गुण आला हाय, परत येईल."

 नकुशीनं फोन ठेवला, गिऱ्हाइकाची साडी अर्धी पिको झाली होती ती पुरी केली, पैसे घेतले, शटर ओढलं आणि थेट डोरीन आंटीकडं गेली.

डोरीन आंटी म्हणजे वसाहतीमागच्या जुन्या बंगलीतली म्हातारी. तिचा बाप इंजिन ड्रायव्हर होता. भावंडं परदेशी गेली, ही दौंडातच राहिली. तिच्या खुर्च्यांवर, टीव्हीवर, फ्रिजवर, सगळीकडं क्रोशाचे रुमाल. नकुशी तिचे फ्रॉक आल्टर करून द्यायची.

"आंटी, मला ते चौकोन शिकवा. फुलांचे. बाळाचं दुपटं करायचंय."

"ग्रॅनी स्क्वेअर? किसका बेबी?"

"दुश्मनाचं," नकुशी म्हणाली.

आंटीनं चष्मा वर करून तिच्याकडं पाहिलं आणि सुयांचा डबा काढला.

फूल असं व्हायचं. मधे पिवळा बारका गोळा, भोवती आठ पाकळ्या, त्याबाहेर हिरवी फेरी आणि शेवटी पांढऱ्या खांबांच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, दोन फेऱ्या. चार कोपऱ्यांत खांब वाढवले की गोलाचा चौकोन होतो. सहा गुणिले सात, बेचाळीस चौकोन. नकुशीचा हात मशीनवर बसलेला, त्यामुळं चार दिवसांत तिला सगळं आलं. पण विणताना ती मनात भांडायची. आयशी भांडायची, शंभूशी भांडायची, सह्या करून चहा प्यायलेल्या चौघींशी भांडायची, आणि प्रत्येक भांडणाला दोरा एकदा आवळला जायचा. पहिले अकरा चौकोन घेऊन ती आंटीकडं गेली तेव्हा आंटीनं ते टेबलावर एकापुढं एक मांडले. कुठला साडेपाच इंच, कुठला पाच, एक तर चारच. वाटीसारखे कडेला उचललेले.

"गुस्सा करके खींचता है तुम. ऐसा जुडेगा नहीं. खोलो."

"सगळे?"

"सगळे. बेबी को लगेगा ये, कडक है."

नकुशीनं तिथंच बसून अकराच्या अकरा उसवले. दोरा वाकडातिकडा झाला होता, तो पाटीभोवती गुंडाळून ओला करून वाळवला. राग काही कमी झाला नाही. पण तो हातात उतरू द्यायचा नाही एवढं ती शिकली. सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन आणि दुपारी जेवणानंतर एक, असे चौकोन होत गेले. गिऱ्हाइकं विचारायची, कुणासाठी गं? ती म्हणायची, "तुमच्यासाठी न्हाई."

महिन्यानं दुपटं झालं. तांबडी, जांभळी, गुलाबी, केशरी फुलं, कडेला पांढरी झालर. नवरा बघून म्हणाला, "चांगलं झालंय. पण त्ये घेणार न्हाईत."

"न घिऊ देत. मी आत्या हाय. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. मी जाऊन सांगणार, उषा."

ती न्हावऱ्यावरून शिरूरला गेली, तिथून दुसऱ्या एसटीनं कवठ्याला. घरासमोर कांद्याची प्रतवारी चालली होती. बयाबाई पोत्यावर बसून कांदे निवडत होती, शंभू गोण्या शिवत होता. नकुशीला बघून दोघांचेही हात थांबले नाहीत.

"कोण मेलं म्हणून आलीस?" बयाबाई म्हणाली.

"मरायचं सोड. पोरगी झाली म्हणून आले. बघू दे मला."

"आधी सही कर," शंभू गोणीकडंच बघत म्हणाला. "कागद घरात हाय. सही कर, मग लेकरू बघ, नाव ठिव, काय करायचं त्ये कर."

"लेकराचं आन् रानाचं काय देणं-घेणं?"

"मग तुझं आन् ह्या घराचं काय?"

सुषमा दारात आली होती. छातीशी बाळ, फाटक्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. नकुशीनं पिशवीतून दुपटं काढलं आणि उलगडलं. उन्हात त्या फुलांचा रंग असा काही उठला की शेजारच्या बायकाही कुडावरून डोकावल्या. बयाबाई उठली. दुपट्याचं एक टोक तिनं दोन बोटांत धरलं, चोळलं, नाकाशी नेलं.

"ही लोकर न्हाई," ती म्हणाली. "प्लास्टिकचा दोरा हाय. मी उभा जन्म मेंढरांत काढला, मला लोकर दावतीस व्हय? माझ्या नातीला घाम येऊन पुरळ उठंल." आणि तिनं दुपटं कांद्याच्या फोलपटांवर टाकून दिलं.

"नात म्हणतीस आन् नाव नकुशी ठिवतीस!" नकुशीचा आवाज चढला. "एक जन्म नासवला तो पुरला न्हाई?"

"काय नासलं तुझं? दोन टाईम खातीस, मशीन हाय, पोरगी शिकतीया. नावानं कुणी मरत न्हाई. त्या नावानं मला पोरगा दिला."

"त्यो पोरगा गोणी शिवताना बहिणीच्या तोंडाकडं बघायला घाबरतोय, बघ."

शंभू उठला. दाभण त्याच्या हातात तसाच होता. सुषमा मधे आली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही. ती बाळ घेऊन दोघांच्या मधे उभी राहिली, आणि ह्या सगळ्याला तूच जबाबदार आहेस अशा नजरेनं तिनं नकुशीकडं बघितलं. नकुशीनं दुपटं उचललं, फोलपटं झटकली, पिशवीत कोंबलं आणि चालू लागली. मागून बयाबाईचा आवाज वेशीपर्यंत येत होता.

आठ दिवसांनी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"वन्सं, मी सुषमा. शुक्रवारी शिरूरला डोस द्यायला येणार हाय. अकराला स्टँडवर या. त्ये आणा." आणि फोन कट झाला.

नकुशी दहापासूनच शिरूरच्या स्टँडवर बसून होती. सुषमा सव्वाअकराला आली, बाळ रडून रडून लाल झालेलं. ती बाकावर नकुशीपासून एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून बसली.

"गैरसमज करून घिऊ नका," ती म्हणाली. "तुमच्यासाठी न्हाई बोलावलं. तुमच्यामुळं माझ्या घरात रोज शिव्या चालत्यात. नुसतं नाव निघालं तरी ताट आपटतं."

"मग कशाला बोलावलं?"

"माझ्या पोरीला ते नाव नको म्हणून. मघाशीच नगरपालिकेत जाऊन नोंद केली. घरी सांगितलेलं न्हाई. दाखल्यावर आलं की सासूबाई कितीबी बोंबलू देत."

 "काय ठिवलं?" नकुशीनं विचारलं.

"शर्वरी."

"मी उषा ठरवलं हुतं," नकुशी म्हणाली. स्वतःच्याच आवाजाचा तिला राग आला, इतका तो लहान निघाला.

"उषा माझ्या चुलतीचं नाव. तिच्याशी आमचं बोलणं न्हाई," सुषमा म्हणाली. "आन् तुमी कोण ठरवणार? पोटात मी वागवली."

बत्तीस वर्षं नकुशीनं ते नाव सांभाळून ठेवलं होतं. ते एका वाक्यात बाद झालं. उठून जावं आणि दुपटं समोरच्या नाल्यात टाकावं असं तिला खरंच वाटलं. पण सुषमानं बाळ पुढं केलं.

"सांगा कानात. आत्याशिवाय सांगत न्हाईत, आन् बाकीच्या चौघी आत्या माझ्या सासूला घाबरत्यात."

नकुशीनं बाळ घेतलं. मांडीवर सुई टोचलेल्या जागी गाठ आली होती, तिला धक्का न लावता तिनं दुपट्यात नीट गुंडाळलं. मग वाकून, नगरच्या गाडीचा भोंगा वाजत असताना, उजव्या कानात तीनदा म्हणाली, शर्वरी, शर्वरी, शर्वरी. बाळानं जांभई दिली.

सुषमा दुपट्याच्या शिवणी चाचपून बघत होती. "चांगलं विणलंय," ती म्हणाली. "घरी म्हणीन बाजारात घेतलं."

"म्हण. आयनं हातात धरलंय, वळखंलच ती. काय फरक पडतोय."

"आन् एक सांगते. ती सही करून टाका. यांचं डोकं तरी शांत हुईल."

"न्हाई करणार," नकुशी म्हणाली. "उद्या तुझ्या ह्या तिघींपुढंबी कुणीतरी असाच कागद ठिवंल. तवा त्या वाचायच्या आधी सही करतील, का तर आत्यानं केली हुती."

"माझ्या पोरींचं माझं मी बघीन!" सुषमा ताडकन उठली. तिचे डोळे भरले होते, पण ते रागानं होते, दुसऱ्या कशानं नव्हते. "जावा तुमी तुमच्या दौंडाला." बाळाला छातीशी घट्ट धरून ती मलठणवरून कवठ्याला जाणाऱ्या गाडीकडं गेली आणि खिडकीतूनसुद्धा तिनं इकडं पाहिलं नाही.

दाखला घरी आला त्या दिवशी मोठा तमाशा झाला, हे नकुशीला थोरलीकडून कळलं. शंभूनं हात उचलला. सुषमा तिन्ही पोरींना घेऊन पंधरा दिवस माहेरी जाऊन बसली आणि मग परत आली. आता बयाबाई बाळाला नकुशी म्हणून हाका मारते, सुषमा शर्वरी म्हणते, आणि सासू-सुना त्यावरून रोज एकमेकींचा उद्धार करतात. दुपटं मात्र कुणी टाकलं नाही. बाळ त्यातच निजतं, आणि पुरळ काही उठलं नाही, असं थोरली सांगत होती.

"आय काय म्हणती दुपट्याला?" नकुशीनं विचारलं.

"काय न्हाई. पण परवा कड उसवली हुती, ती तिनं सुई-दोऱ्यानं शिवली. मी बघितलं तर म्हणाली, बाजारातला माल असाच फसवा असतो."

नकुशीनं फोन ठेवला. कड उसवणं शक्यच नव्हतं, तिनं स्वतः दुहेरी गाठ मारली होती. म्हातारीनं दुपट्याला हात लावायला खोटं निमित्त केलं होतं की थोरलीनंच हे रचलं होतं, हे तिला ठरवता येईना, आणि तो दिवसभर ती गिऱ्हाइकांवर विनाकारण डाफरत राहिली. सुषमाचा पुन्हा फोन आला नाही. नकुशीनंही केला नाही. हक्कसोडीचा कागद अजून सहीवाचून शंभूच्या पेटीत पडून आहे.