चाकं टेकायच्या आत

विमानतळाच्या कुंपणालगत माझी भाची रेवती जमिनीत खोलवर भोकं पाडून माती तपासत होती. भूकंपात धावपट्टीखालची जमीन तग धरेल का, हे पाहायचं तिचं काम. मी तिचा डबा घेऊन गेले होते.

“मावशी, गंमत बघ,” म्हणत तिने घमेल्यातल्या ओल्या वाळूवर एक दगड ठेवला आणि घमेल्याला बाजूने थापट्या मारल्या. इतकी घट्ट वाळू, पण बघता बघता तिची पेज झाली. पाणी वर आलं, दगड निमूट आत गेला.

“अगं बाई! मग विमानं रुतायची की!”

“रुतणाऱ्यांचं सोड गं. भूकंपानंतर डॉक्टर, औषधं घेऊन येणारं विमान उतरेल कुठे?”

माझी आई रोज सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी जमिनीला हात लावून तिची क्षमा मागायची. आम्हाला हसू यायचं. जमिनीची कसली मनधरणी? ती तर असतेच!

तेवढ्यात एक विमान घरघरत खाली आलं. त्याची चाकं टेकायच्या आत मी वाकून मातीला हात लावला.

रेवती हसली नाही.