जमनाबाईचा डबा

एकाच वाटेने वीस वर्षं कामाला गेलं की किस्से ठेवायला जागा उरत नाही. आमची वाट रेल्वेच्या रुळांवरून. अलीकडे नवापूर, पलीकडे आमचं पोल्ट्री फार्म. मी तिथला वॉचमन. मध्ये मालगाडी उभी राहिली की कधी हालेल ते कोणी सांगत नाही. पुलावरून गेलं तर अर्धा तास. म्हणून सगळे वॅगनखालून वाकून जायचे.

दगाभाऊ कोंबड्यांना खाद्य टाकतो. त्याला मी म्हणालो, "बाबा रे, खाली शिरण्याआधी दोनदा विचार कर." दुसऱ्या दिवशी तो अर्धा आत शिरला आणि तिथेच बसला.

"काय झालं?"

"आप्पा, पहिला इचार बाहेरच व्हई गया. दुसरा आते करी ऱ्हायनू."

पाय धरून ओढला त्याला.

मग मॅनेजरसाहेबांनी पाटी रंगवून घेतली. 'रूळ ओलांडू नये.' ती लावायच्या दिवशी साहेबांनाच उशीर झाला. पाटी काखेत धरून ते वॅगनखालून आले. पाटीचा कोपरा तेवढा चेपला.

जमनाबाईची तऱ्हा वेगळी. ती अंडी वेचते. आधी जेवणाचा डबा खालून पलीकडे सरकवायची, मग आपण जायची. मी विचारलं, असं का?

"आप्पा, डबा गया म्हणजे माले जानंच पडस. इचार कराले टाईम ऱ्हास नही."

एका सकाळी तिने डबा सरकवला, वाकली, आणि मी तिचा पदर धरला. का धरला, अजून कळलेलं नाही. ती चिडून वळली, "सोड आप्पा, लोके देखी ऱ्हायनात." तेवढ्यात गाडीला झटका बसला. चाकं फिरली.

गाडी गेली. डबा पलीकडे जसाच्या तसा. भाजीसुद्धा सांडली नव्हती.

"डबाले तर काहीच व्हयनं नही," जमनाबाई म्हणाली.

त्या दिवशी तिच्या हातून अंडी फुटत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मालगाडी उभी. तिने डबा माझ्या हातात दिला आणि पुलाकडे चालू लागली. वर पोहोचून आम्ही खाली पाहिलं. गाडी जागची हालली नव्हती. दगाभाऊ खालून केव्हाच पलीकडे गेला होता आणि फार्मच्या गेटवरून आम्हाला हात करत होता.

जमनाबाईने एकदा गाडीकडे पाहिलं. मग पुलावरच मांडी घालून बसली.

"आप्पा, डबा उघाड. गाडी हालस नही तोपर्यंत मी उठत नही."