पाच चकत्यांचं टार्गेट

माझ्या नवऱ्याचं अख्खं करिअर दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं. शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका यार्डात समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लोखंडी सांगाडे बनायचे, आणि तिथे ते वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. जोड बघायचा, पसंत नसेल तर रिजेक्ट करायचा, हेच काम. ही खोड घरीही यायची. हॉटेलातली डाळ परत पाठवायचे, कुणाच्या नव्या फ्लॅटच्या पूजेला गेलं की टाइल्स ठोकून बघायचे. माझ्या पोळ्यांचे काठ जाड असतात हे तर मी लग्नानंतर रोज ऐकलंय. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही, त्यामुळे आमच्याकडे भांड्याला भांडं रोजच लागायचं.

मग मंदी आली. दोन हजार आठच्या शेवटी यार्डातल्या ऑर्डरी थांबल्या आणि नव्या वर्षात ह्यांची नोकरी गेली. मी शारजात शाळेत गणित शिकवायचे, म्हणून ह्यांना माझ्या व्हिसावर घेतलं आणि आम्ही तिथेच राहिलो. पण माणूस विझला. कशालाच नाही म्हणेना. भाजी काय करू? "कर काहीही." पोळी करपलीय हो. "चालेल." एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तर मुकाट्याने ताट पुसून जेवले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ज्या खोडीला इतकी वर्षं नावं ठेवली, ती परत यावी म्हणून मी देवापुढे हात जोडत होते. कपाळ माझं.

आमची लेक तेव्हा चौदा वर्षांची. दर शुक्रवारी जवळच्याच उम्म अल कुवैनच्या एका क्लबात एअर रायफल शिकायला जायची. तिथलं पडत्या चकत्यांचं स्टीलचं टार्गेट मोडलं होतं, आणि मंदीमुळे नवीन मागवणं क्लबने रद्द केलं होतं. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा कॅन मेक इट. ही नोज स्टील." हे म्हणाले, "बरं." उत्साह वगैरे काही नाही, नाही म्हणायचं विसरले होते म्हणून हो. खरं तर ह्यांनी उभ्या जन्मात स्वतः वेल्डिंग केलं नव्हतं, फक्त दुसऱ्यांचं नापास केलं होतं.

उम्म अल कुवैनच्याच इंडस्ट्रियल एरियात एका केरळी मिस्त्रीचं छोटं वर्कशॉप होतं. पूर्वी तो ह्यांच्याच यार्डात होता आणि ह्यांनी त्याचे जोड कितीदा तरी नापास केले होते. आता त्याच्याकडेही काम नव्हतं. तो आनंदाने हो म्हणाला, पण एका अटीवर. "सर, वेल्डिंग आप करेगा. मैं चेक करेगा." आणि त्याने खरंच चेक केलं. पंधरा दिवस हे हातावर चटके घेऊन घरी येत होते आणि सकाळी पुन्हा जात होते. भाजलेल्या हाताला मलम लावताना मला ह्यांचं फार कौतुक वाटायचं, पण बोलले नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

टार्गेट तयार झालं. एका चौकटीवर ओळीने पाच चकत्या, छर्रा लागला की मागे पडायच्या आणि दोरी ओढली की पुन्हा उभ्या राहायच्या. शुक्रवारी ते क्लबात नेऊन लावलं आणि लेकीने नेम धरला. छर्रा मधोमध लागला, टिंग झालं आणि चकती जागची हलली नाही. दुसरा छर्रा, तिसरा छर्रा, तेच. चकत्या दहा मिलिमीटर जाड होत्या. ह्यांनी समुद्राच्या लाटांचा हिशोब केला होता आणि छर्रा असतो मुगाएवढा. मला हसूही येत होतं आणि धस्सही झालं होतं, हा माणूस आता पुरता खचतो की काय. हे गुडघ्यावर बसून बघत राहिले आणि म्हणाले, "मूर्खासारखं ओव्हरडिझाइन केलंय." निदान स्वतःला तरी नावं ठेवली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसरं टार्गेट तीन मिलिमीटरच्या पत्र्याचं केलं. चकत्यांचा पुढचा भाग अगदी सपाट हवा, असं मला समजावून सांगितलं. उंचवटा असला की छर्रा वाटेल तिकडे उडतो, आणि समोर पोरंच उभी असतात.

पुढच्या शुक्रवारी क्लबाच्या अरब कोचने स्वतः पाच छर्रे मारले. पाचही चकत्या टपाटप पडल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "खलास, हबीबी, परफेक्ट," म्हणत कोचने पोरांना रांगेत उभं केलं. हे मात्र एकेका चकतीवरून अंगठा फिरवत होते. चौथीवर थांबले. तिथे वेल्डिंगचा एक थेंब पुढे आला होता, मोहरीएवढा.

"नो," हे म्हणाले. कोच म्हणाला, इतकंसं तर आहे. "नो. नोबडी शूट्स. नेक्स्ट फ्रायडे." कोचचा चेहरा उतरला. लेक लाजेने लाल झाली. "बाबा, सीरियसली? एव्हरीवन इज वेटिंग." हे जागचे हलले नाहीत. नोकरी नसलेला, बायकोच्या व्हिसावर राहणारा माझा नवरा त्या सगळ्यांसमोर ताठ उभा होता.

एरवी चारचौघांत शोभा केली म्हणून मी ह्यांच्यावर तोंड सोडलं असतं. त्या दिवशी ह्यांनी चौकटीचं एक टोक उचललं, तशी मी पर्स खांद्यावर टाकली आणि दुसरं टोक उचललं. डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. गाडीपर्यंत हे एकदाच बोलले.

"नीट धर. तिरकं धरतेयस."